मैत्रिणीचं सुतक

सासरकडचं चुलत-चुलत कुणी गेलं तरी आमच्या घरी निरोप येतो. सुतक किती दिवसांचं, कुणाला लागतं, कुणाला नुसती आंघोळ पुरते, हे सांगणारं एक तरी म्हातारं माणूस प्रत्येक घरात असतं. मैत्रीण गेली तर यातलं काहीच नसतं. माझी हॉस्टेलमधली रूममेट २०२१ च्या मे महिन्यात कोविडमध्ये गेली. मला ते कळलं यंदाच्या आषाढात, कुणाच्या तरी साठीशांतीला, जेवणाच्या रांगेत. ''अगं, तुला माहीत नाही?'' एवढं म्हणून पुढच्या बाई वाढून घ्यायला वळल्या.

आम्ही चौघी होतो. रूममेट, नाशिकची, वसईची आणि मी. नावं लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. आमच्यात भांडण कधीच झालं नाही. लग्नं झाली, आडनावं बदलली, एकीचं तर सासरी पहिलं नावसुद्धा बदललं. टेलिफोन डिरेक्टरीत नाव नवऱ्याचं. बदली झाली की पत्र परत यायचं, पाकिटावर पोस्टमनची तिरकी रेघ मारलेली. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या मैत्र्या अशाच गेल्या आणि त्या गेल्या असं कुणी म्हटलंही नाही. महालयाच्या तर्पणात गुरू, शिष्य, मित्र यांचीही नावं घ्यायची सोय असते. पण ते तर्पण करतात पुरुष, आणि मित्र घेतले जातात ते त्यांचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही चौघींनी रतनवाडीहून रतनगड आणि मग कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड असा ट्रेक केला होता. तीच वाट पुन्हा चालायची असं आषाढातच ठरवलं. नेमका पितृपंधरवड्याचा शेवटचा आठवडा सुटीला मिळाला. या दिवसांत बाहेर पडू नये म्हणतात. मला मात्र हेच दिवस योग्य वाटले.

बुधवार : कसारा, घोटी, शेंडी

पहाटेच्या कसारा लोकलनं निघाले. कसाऱ्याहून घोटीपर्यंत वडाप, घोटीहून अकोले गावाकडे जाणारी एसटी. घाट चढेपर्यंत पाऊस होता. बारी गाव आलं तेव्हा कळसूबाईचा माथा ढगात होता, खालची भातखाचरं मात्र उन्हात. १६४६ मीटर उंचीचं महाराष्ट्रातलं हे सगळ्यात उंच शिखर मी एसटीच्या खिडकीतून पाहिलंच नाही. कंडक्टरनं बोट दाखवलं त्या दिशेला नुसता पांढरा ढग होता.

शेंडीत उतरून धरणाकडे फिरून आले. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. आम्ही आलो होतो तेव्हा इथून लाँचनं जलाशय ओलांडून रतनवाडीला गेलो होतो. रूममेटला पाण्याची भीती वाटायची, म्हणून ती पूर्ण वेळ डोळे मिटून गाणी म्हणत बसली होती. तिचा आवाज खरोखर चांगला होता. लाँचवाला पैसे घेताना म्हणाला होता, ''या ताईंचं तिकीट नको.''

यावेळी पाऊस आणि वाऱ्यामुळे पाण्यात कुणी होडी घालत नव्हतं. रात्री शेंडीतच राहिले.

गुरुवार : रतनवाडी

जीपनं जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला. वाटेवरच्या माळांवर खुरासणी पिवळी फुलली होती, भात निसवलं होतं, नागली कमरेएवढी. इथे उतरल्यावर पहिल्यांदा अमृतेश्वराच्या देवळात गेले. सगळे त्याला हेमाडपंती म्हणतात, पण ते त्याहून जुनं, शिलाहारांच्या काळातलं मानलं जातं. शिखरावर त्याच शिखराच्या लहान लहान प्रतिकृती ओळीनं चढत जातात. पावसानं दगड काळाभोर झाला होता आणि शिखराच्या खाचांतून तेरडा उगवला होता. बाहेरची पुष्करणी काठोकाठ भरलेली, तिच्या कोनाड्यांतल्या मूर्तींच्या पायाशी पाणी.

आम्ही चौघींनी या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून घरून आणलेले धपाटे खाल्ले होते. कुणी काय म्हटलं, काय हसलो, आठवायचा खूप प्रयत्न केला. वसईची पाण्यात पाय सोडून बसली म्हणून गावातल्या एका आजींनी रागावलं, एवढंच स्पष्ट आठवलं. बाकी नुसता एक उबदार गोंगाट.

मुक्काम एका घरात होता. घरचा मुलगा वाटाड्याचं काम करतो. कॉलेजात आहे, मला पहिल्या मिनिटापासून 'मावशी' म्हणत होता. त्याच्या आईनं नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि वरईचा भात वाढला. जेवून भिंतीला टेकून बसले तर पाठीला काड्या टोचल्या. भिंत कुडाची होती. एका कोपऱ्यात लिंपण निखळलं होतं आणि आतल्या कारवीच्या काठ्या दिसत होत्या, बोटाएवढ्या जाड, पेरापेराशी फुगलेल्या, सरळ रांगेत बांधलेल्या.

या कारवीबद्दल थोडं सांगायला हवं. सह्याद्रीच्या उतारांवर ही झुडपं दाट माजतात. पानं खरखरीत, एरवी लक्ष जाणार नाही अशी. सात वर्षं नुसती वाढतात आणि मग एका डोंगराची सगळी कारवी एकदमच फुलते, निळी-जांभळी, उतारच्या उतार रंगतो. मधमाश्यांचा असा घोष चालतो की बोलणं ऐकू येत नाही. फुलोरा संपला की बोंडं धरतात आणि झाडं मरतात. पुढच्या वर्षी बोंडं तडतडून फुटतात, बी खाली पडतं, पावसात नवी कारवी उगवते आणि पुन्हा सात वर्षं. मेलेल्या काठ्या लोक तोडून आणतात आणि त्यांचे कूड विणून शेणामातीनं लिंपतात.

आम्ही आलो होतो ते कारवीचं वर्ष होतं. पुढच्या फुलोऱ्याला चौघी पुन्हा येऊ असं ठरलं होतं, अगदी शपथेवर. पुढच्या फुलोऱ्याला माझा मुलगा दोन वर्षांचा होता आणि रूममेट मध्य प्रदेशात कुठेतरी होती. त्याच्या पुढच्या फुलोऱ्याला आम्हाला एकमेकींचे पत्ते माहीत नव्हते. त्यानंतर मी मोजणं सोडून दिलं.

''ही भिंत कधीची?'' मी विचारलं.

''मागल्या कारवीची,'' मुलाची आई म्हणाली. ''आता पुढली येईल तवा बदलायची.''

मी त्या उघड्या काठ्यांवरून हात फिरवला. जो फुलोरा बघायला आम्ही येणार होतो आणि आलो नाही, तो इथे भिंतीत उभा होता, वारा अडवत होता. ती गोष्ट मला त्या रात्री फार बरी वाटली. झोप छान लागली.

शुक्रवार : रतनगड

सकाळी सातला तो वाटाड्या मुलगा आणि मी निघालो. वाट आधी प्रवरेच्या काठानं जाते. इथे प्रवरा म्हणजे दगडांतून उड्या मारणारा ओढा, चार-पाच ठिकाणी ओलांडावा लागतो. मग दाट रान. हिरडा, जांभूळ, आंबा, वर वेलींचं छत. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुलानं एका उंच झाडाच्या फांदीवर शेकरूचं घरटं दाखवलं, काटक्या-पानांचा मोठा गोळा. शेकरू काही दिसलं नाही.

मी हळू चालत होते आणि मध्येच रडत होते. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. घरी डोळे पुसले की लगेच 'काय झालं' येतं, आणि 'तीसेक वर्षांपूर्वीची मैत्रीण चार वर्षांपूर्वी गेली' हे उत्तर कुणाला पुरत नाही. 'तुमचं इतकं होतं?' असा पुढचा प्रश्न असतो. त्या रानात पाऊस झाडांवरून गळत होता, आम्हा दोघांचीही तोंडं ओली होती. मुलगा पंधरा-वीस पावलं पुढे चालायचा आणि निसरडी जागा आली की थांबून हात द्यायचा.

शिड्यांपाशी मात्र छाती धडधडली. लोखंडी शिड्या कड्याला लावलेल्या, पायाखाली थेट झाडांचे शेंडे. चढून गणेश दरवाजातून आत गेलो. वर रत्नादेवीची गुहा आहे. तिथे डबा ठेवला आणि नेढ्याकडे निघालो.

आणि मग सोनकी. गडाचा सगळा माथा पिवळा झाला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत सोनकी, तिच्यात मधूनमधून तेरड्याचा गुलाबी आणि आभाळीचा निळा. पावसाची सर येऊन गेली की प्रत्येक फुलाच्या बशीत एकेक थेंब राहायचा आणि ऊन पडलं की पंधरा मिनिटांत तो नाहीसा व्हायचा. मी एका जागी खाली बसून एकाच फुलाकडे पाहत राहिले. पाकळ्या मोजल्या नाहीत, फोटो काढला नाही. त्या फुलाच्या मधोमध एक काळा, मोहरीपेक्षा लहान किडा फिरत होता. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचा आणि पुन्हा परत. तेवढा वेळ माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. आषाढापासून असा एक क्षण मिळाला नव्हता.

नेढं म्हणजे गडाच्या माथ्यावरच्या कातळाला आरपार पडलेलं भोक. दहा-वीस माणसं आरामात बसतील एवढं मोठं. एका बाजूला भंडारदऱ्याचा जलाशय, दुसऱ्या बाजूला कोकण. वारा इतका की टोपी हातात धरावी लागते. शेजारी खुट्याचा सुळका, लांब अलंग, मदन, कुलंग, ढग फाटला की एकेक दिसायचे आणि पुन्हा मिटायचे. इथे रूममेटनं गाणं म्हटलं होतं. कुठलं ते मला पक्कं आठवतं. तिच्या आजीकडून शिकलेली जात्यावरची ओवी होती, वाऱ्यानं अर्धे शब्द उडवून नेलेले. मी ती म्हणायला तोंड उघडलं, पहिली ओळ आली, दुसरी आली नाही. पहिलीच पुन्हा पुन्हा म्हटली. मुलगा पाठ करून कोकणाकडे बघत उभा राहिला. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला इतकी समज असावी याचं मला अजून कौतुक वाटतं.

या नेढ्याचा एक फोटो मात्र काढला. त्याचं पुढे सांगते.

शनिवार : कात्राबाई, कुमशेत, पाचनई

लांबचा दिवस. माझ्या गुडघ्यांना विचारलं तर तेवढंच सांगतील. खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे, तिथे मुलानं नारळ फोडला. ही खिंड म्हणजे पाणी वाटणारी कड. उत्तरेकडचा पाऊस प्रवरेला जातो, दक्षिणेकडचा मुळेला. दोन्ही नद्या एकाच डोंगराच्या लेकी, या एका धारेमुळे दोन दिशांना गेलेल्या. प्रवरा अकोले-संगमनेर करत जाते, मुळा राहुरीकडून. आणि पार नेवाशाजवळ, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या परिसरात मुळा येऊन प्रवरेला मिळते. मी शाळेत भूगोल शिकवते, नकाशावर हा संगम शेकडो मुलांना दाखवलाय. खिंडीत उभं राहून दोन्हीकडच्या ओहोळांचा आवाज एकाच वेळी कानावर आला तेव्हा मात्र ते अंतर पोटात कळलं.

पलीकडे उतरताना आजोबा पर्वताची भिंत समोर. कुमशेतला चहा, तिथून जीपनं पाचनई. मुलाच्या खऱ्या मावशीचं घर पाचनईत, मुक्काम तिथेच. मी अंग टाकलं ते सकाळी उठले.

रविवार : हरिश्चंद्रगड

सर्वपित्री अमावास्या. उजाडायच्या आधी निघालो. पाचनईची वाट या गडाच्या वाटांमध्ये सोपी, तरी मला तीन तास लागले. वर पोचलो तेव्हा हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाभोवती ढग उतरलेला आणि माणसं मोजकी.

केदारेश्वराच्या गुहेत गेले. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कातळात खोदलेली प्रशस्त गुहा, मधोमध मोठं शिवलिंग, भोवती चार खांब. त्यातला एकच खांब जमिनीपासून छतापर्यंत अखंड आहे, बाकीचे तुटलेले. आणि लिंगाभोवती कमरेएवढं पाणी, बर्फासारखं. प्रदक्षिणा घालायची तर त्या पाण्यात उतरावं लागतं.

मृत्यूची बातमी फार उशिरा कळली तर नुसती आंघोळ पुरते, असं माझी आजी सांगायची. आषाढातल्या त्या दिवशी घरी येऊन मी आंघोळ केली नव्हती. ती माझी कोण लागत होती म्हणून करायची? कपड्यांसकट पाण्यात उतरले. पहिल्या पावलाला श्वासच अडकला. तळाचे दगड गुळगुळीत होते, हात भिंतीवर टेकत टेकत गेले. लिंगाच्या मागच्या बाजूला अंधार दाट होता. तिथे थांबून तिचं नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट, जसं हॉस्टेलच्या हजेरीपटावर होतं तसं. मग बुडी मारली.

बाहेर आल्यावर दात वाजत होते. मुलानं न बोलता स्वतःचं कोरडं टॉवेल पुढे केलं. एका वारकरी आजोबांनी चहा पाजला आणि विचारलं, ''कोणाचं काही होतं का, माय?'' मी म्हटलं, ''मैत्रिणीचं.'' ते ''बरं केलं'' म्हणाले आणि दुसरा कप भरला.

या गडावर चांगदेवांचा वावर होता. त्यांनी 'तत्त्वसार' इथेच शके १२३४ मध्ये, म्हणजे १३१२ साली पुरं केलं. चांगदेवांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायचं तर मायना काय घालावा कळेना. वयानं लहान म्हणून चिरंजीव म्हणावं, की अधिकारानं मोठे म्हणून तीर्थरूप? शेवटी कोरा कागदच पाठवला. माझ्या फोनमध्ये वसईच्या मैत्रिणीचा नंबर आषाढापासून होता, साठीशांतीतल्याच कुणीतरी दिलेला. रोज उघडायचे आणि बंद करायचे. इतक्या वर्षांनी 'कशी आहेस' लिहायचं? की आधी मी कोण ते सांगायचं? की रूममेटच्या जाण्याची बातमीच? देवळाच्या पायरीवर बसून ही जुनी गोष्ट आठवली आणि पहिल्यांदाच वाटलं की चांगदेवांना तेव्हा काय होत असेल ते मला ठाऊक आहे.

कोकणकडा ढगांनी गच्च भरला होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला इथेच इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं. खाली ढग आणि पाठीशी सूर्य असला की ते दिसतं, आणि त्याच्या मधोमध ज्याला त्याला स्वतःचीच सावली दिसते. शेजारी खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्याचं कडं वेगळं. आम्ही पंधरा मिनिटं थांबलो, ऊन आलं नाही.

दुपारी तीनला पाचनईत उतरलो. मुलाच्या मावशींनी पितरांचा स्वयंपाक करून ठेवला होता. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, भात. घरच्या पितरांसाठी पान वाढून कौलावर घास ठेवायला त्या शिडी लावत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ''ताई, तुमचं कोणी असलं तर तुमच्या हातानं ठेवा एक घास. मनात नाव घ्या. आमच्यात चालतंय.'' मुलानं त्यांना काही सांगितलं होतं की नाही ते मी विचारलं नाही. शिडीच्या दोन पायऱ्या चढले, घास ठेवला. कावळा माझी पाठ वळायच्या आत आला.

संध्याकाळी जीपनं राजूरला आले तेव्हा फोनला रेंज आली. वसईच्या नंबरवर नेढ्याचा तो फोटो पाठवला. एकही शब्द लिहिला नाही.

लॉजच्या खोलीत पिशवी ठेवत होते तेव्हा उत्तर आलं. 'रतनगड. कोण?'

मी माझं नाव लिहिलं, माहेरचं. लिहून होतं न होतं तोच फोन वाजला.

दीड तास बोललो. तिलाही माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग तिनं विचारलं, ''शेवटी गात होती का गं ती?'' ते मला माहीत नाही. तिच्या मुलीचा नंबर मिळवायचा असं ठरलं, तिला विचारू. नेढ्यातल्या ओवीची दुसरी ओळ वसईचीला येत होती. तिनं फोनवर म्हणून दाखवली आणि मी ती खोलीतल्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून घेतली. नाशिकचीचा भाऊ पंचवटीत राहायचा आणि त्याचं सायकलचं दुकान होतं, हेही तिलाच आठवलं. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार ठरलाय. ती वसईहून येईल, मी ठाण्याहून, आणि आम्ही पंचवटीत सायकलची दुकानं विचारत फिरणार आहोत.